लस, लोहमार्ग आणि वस्ती : ठाणे-कल्याण पट्ट्यातील साथींचा इतिहास

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांचा साथींचा इतिहास त्यांच्या लोहमार्गाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, आणि तेथून एक फाटा कसारा-इगतपुरीच्या बाजूने थळ घाटाकडे व दुसरा कर्जत-खंडाळ्याच्या बाजूने बोरघाटाकडे गेल्यामुळे कल्याण हे मुंबईचे देशावर उघडणारे दार बनले. या दारातून धान्य, कापूस आणि माणसे जशी ये-जा करू लागली तसे रोगही करू लागले, आणि रोगाला अडवण्यासाठी सरकारने जी ठिकाणे निवडली त्यांत रेल्वेचा फलाट वारंवार आला. ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय उपनगरी गाडीचा मासिक पास मिळेनासा झाला, तेव्हा ते अनेकांना अपूर्व वाटले. प्रत्यक्षात त्यामागे सव्वाशे वर्षांची पूर्वपीठिका होती. या पट्ट्यात लस कोणापर्यंत वेळेवर पोहोचली आणि कोण मागे राहिले, याचे उत्तर बहुधा लोकांच्या भीतीत आणि अज्ञानात शोधले जाते. ते त्याहून अधिक प्रमाणात पुरवठा, कामाचे तास, मजुरी आणि प्रवास यांच्या रचनेत सापडते, असे येथे दाखवायचे आहे.

'लस' हा शब्द मराठीत लसीकरणाच्याही आधीपासून आहे. जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव असा त्याचा मूळ अर्थ, आणि एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने १७९६ मध्ये गाईच्या आचळांवर येणाऱ्या सौम्य देवीच्या फोडातील असाच द्रव माणसाच्या कातडीत टोचून देवीच्या रोगापासून संरक्षण मिळवून दाखवल्यामुळे तो शब्द या नव्या उपायाला नेमका लागू पडला. भारतातील पहिली यशस्वी टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला झाली. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेल्या लशीचा हा येथील पहिला मुक्काम होता. मात्र ही लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातून आठवड्याभराने द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचावा लागे, म्हणजे मूल हेच लशीचे भांडे होते. आपल्या मुलाच्या अंगाला दुसऱ्यांदा सुरी लागणार आणि कोणत्या जातीच्या, कोणत्या घरच्या मुलाचा द्रव आपल्या मुलात जाणार हे ठाऊक नसणार, या विचाराने आईबापांनी टोचणी चुकवली तर त्याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. रोगालाच 'देवी' म्हणणाऱ्या आणि शीतळादेवीला दहीभाताचा थंड नैवेद्य दाखवणाऱ्या समाजाने पुढे 'देवी काढणे' हा वाक्प्रचार टोचणीसाठी सहज स्वीकारला, आणि वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाल्यावर त्या विरोधातले एक खरे कारणही हळूहळू गळून पडले.

कायद्याने मात्र विषमतेला एक भौगोलिक रेषा आखून दिली. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने बालकांना देवीची लस टोचून घेणे सक्तीचे झाले, तर शहराबाहेरच्या प्रदेशासाठी १८९२ चा जिल्हा लसीकरण कायदा आला आणि तोही सरकार अधिसूचना काढून ज्या गावाला वा नगरपालिकेला लागू करील तेथपुरताच. रेल्वेने जोडलेल्या एकाच पट्ट्यात त्यामुळे एका टोकाला सक्ती आणि दुसऱ्या टोकाला ऐच्छिकता अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. रोगाला ही हद्द कळत नव्हती. पण लस टोचणाऱ्या खात्याचे माणूसबळ आणि पैसा या हद्दीप्रमाणेच वाटला जात होता.

प्लेगच्या साथीत ही हद्द कल्याणच्या फलाटावर येऊन उभी राहिली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. गिरणीतला मजूर बोरघाट चढून देशावर गेला, काही बोटीने कोकणात उतरले, आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी ठाण्याकल्याणच्या बाजूला तात्पुरती बिऱ्हाडे केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने प्रवाशांची तपासणी करण्याचा, संशयितांना वेगळे ठेवण्याचा आणि त्यासाठी हवे ते नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याच्या आगेमागेच रेल्वेच्या मार्गांवर वैद्यकीय तपासणीचे नाके उभे राहिले होते आणि दोन्ही घाटांचे मार्ग जेथे फुटतात ते कल्याण त्यांतील महत्त्वाचे ठाणे ठरले. गाडी थांबे, तिसऱ्या वर्गाचे प्रवासी फलाटावर रांगेत उभे केले जात, डॉक्टर काखा, जांघा आणि मान चाचपून गाठ आहे का ते पाहत. ज्याचे अंग गरम लागे त्याला उतरवून छावणीत ठेवले जाई आणि त्याच्या सोबतच्यांचाही प्रवास तेथेच संपे. वरच्या वर्गाच्या डब्यांतील प्रवाशांना बरीच सवलत मिळे. स्त्रियांची परपुरुषाने अशी उघड्यावर तपासणी करणे हा त्या काळच्या वर्तमानपत्रांतील संतापाचा मोठा विषय होता; पुण्यात घरझडतीवरून पेटलेला हाच संताप २२ जून १८९७ च्या प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेला. कल्याणला रक्त सांडले नाही. पण आपले शरीर परक्याच्या हाती देऊन प्रवासाची परवानगी मिळवायची, हा अनुभव तेथून जाणाऱ्या हजारोंनी घेतला.

प्लेगची लस याच काळात, याच प्रदेशात जन्मली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ती तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि लगेच भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची परीक्षा झाली. पुढे जे घडले ते लसीकरणाच्या विषमतेच्या दृष्टीने फार बोधक आहे. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांदेखत लस टोचून घेतली, हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली, आणि त्या समाजातील फार मोठा भाग लसवंत होऊन त्यांच्यातील मृत्यू लक्षणीय कमी राहिले. एकाच शहरात, शेजारशेजारच्या गल्ल्यांत, एका समाजाला लशीचे कवच होते आणि दुसऱ्याला नव्हते, आणि हा फरक कोणत्याही धर्माच्या शिकवणुकीतून आला नव्हता, तर विश्वासातला माणूस पुढे येऊन उभा राहिला की नाही यातून आला होता. उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातील मुल्कोवाल गावी दूषित झालेल्या एका बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, हाफकिनवर ठपका आला, आणि तो निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. त्या पाच वर्षांत लशीवरचा विश्वास किती खचला याचा हिशेब मांडता येत नाही. ज्या प्रयोगशाळेत हे काम चालले तिला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले; हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला, म्हणजे ज्याला महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हटले गेले त्या तापाला, उपयोगी पडेल अशी लसच नव्हती. त्यामुळे त्या साथीचा इतिहास येथे बाजूला ठेवता येतो. देवीचे उच्चाटन मात्र याच प्रदेशाच्या अंगावर लिहिले गेले आहे. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि त्याआधी जन्मलेल्या माणसांच्या दंडावरचे दोन गोल व्रण आजही त्या मोहिमेची साक्ष देतात. पोलिओच्या मोहिमेने त्यापुढची शिकवण दिली. डोस पाजणारे पथक प्रत्येक घराच्या दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स' असे अक्षर लिही. 'पी' म्हणजे घरातील सर्व बालकांना डोस मिळाला आणि 'एक्स' म्हणजे एखादे मूल राहिले, घर बंद होते किंवा नकार आला. संध्याकाळी 'एक्स' घरांची यादी होई आणि दुसऱ्या दिवसापासून पथक त्या दारांशी परत जाई. मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत या डोसाने वंध्यत्व येते अशी अफवा होती. ती मोडायला मौलवी, स्थानिक डॉक्टर आणि वस्तीतल्याच बायका यांच्या कितीतरी फेऱ्या खर्ची पडल्या. देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. सरकारी यंत्रणेला त्या वर्षांत जे कळले होते ते इतकेच, की किती जणांना लस दिली या आकड्यापेक्षा कोणते दार राहिले याची यादी अधिक मोलाची असते.

दरम्यान ठाणे-कल्याण पट्ट्यातील गावे पूर्ण बदलून गेली होती. मुंबईत कामाला जाणारा आणि रात्री मुक्कामाला परतणारा, ज्याला कोकणापासून गिरणगावापर्यंत सगळे 'चाकरमानी' म्हणतात तो नोकरदार, डोंबिवलीचा मुख्य रहिवासी बनला. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली, आणि २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार भरली. या साडेबारा लाखांसाठी महापालिकेची मोठी रुग्णालये दोनच होती, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर. गंभीर आजार झाला की कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठायचे किंवा थेट मुंबईत परळ-शीवची वाट धरायची, हा नित्याचा शिरस्ता होता. मुंबईला रोज माणसे पुरवणाऱ्या शहरांनी आरोग्याची गरजही मुंबईवरच सोपवली होती.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा राज्याने हत्यार म्हणून काढला तो १८९७ चाच कायदा. २२ मार्चपासून उपनगरी गाड्या थांबल्या आणि १५ जूनला त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. मधल्या काळात, मुंबईत काम करणारे परिचारक, सफाई कर्मचारी, बेस्टचे चालक, पोलीस हे रोज रात्री डोंबिवली-कल्याणला परतत आणि त्यांच्या घरांतून रुग्ण सापडत. यावर उपाय म्हणून कल्याण-डोंबिवली महापालिकेने, मुंबईत नोकरीला असलेल्यांनी ८ मेपासून मुंबईतच राहावे, असा आदेश काढला, आणि सर्व बाजूंनी विरोध झाल्यावर त्याची अंमलबजावणी थांबवली. या आदेशाकडे क्रूरपणा म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण तो कल्याणच्या जुन्या तपासणी नाक्याचाच वारस होता. फरक इतकाच, की १८९७ मध्ये मुंबईकराला कल्याणपुढे जाऊ द्यायचे नव्हते आणि २०२० मध्ये कल्याणकरालाच घरी येऊ द्यायचे नव्हते. ज्याच्या श्रमावर महानगर चालते त्याच्या शरीराला धोका समजण्याची वृत्ती दोन्ही वेळी एकच होती, आणि ती मनाला लागणारी आहे.

याच महापालिकेने पुढे चांगले कामही केले, हे नोंदवले पाहिजे. स्वतःकडे डॉक्टर अपुरे असल्याने तिने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखांतील खाजगी डॉक्टरांना एकत्र आणले. 'डॉक्टर आर्मी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या फळीने, डोंबिवलीचे सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल आणि कल्याणची लालचौकी येथे उभारलेली तात्पुरती रुग्णालये चालवायला हातभार लावला, आणि जून २०२१ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कल्याण-डोंबिवलीला वाराणसीसह कोविडविषयक नवोपक्रमाचा पुरस्कार मिळाला. ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत १,०२४ खाटांचे रुग्णालय उभे राहिले. खाटा उभ्या करता आल्या. लस मात्र महापालिकेच्या हातात नव्हती.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील आणि ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व, आणि १ मेपासून १८ ते ४४ वयोगट, अशा टप्प्यांनी ते खाली उतरत आले. दुसरी लाट नेमकी याच उतरणीच्या मध्यावर आली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले. त्याच्या आठवडाभर आधी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्याकडे तीन दिवस पुरेल इतकीच लस असल्याचे सांगितले होते. कोव्हिशील्ड ही लस तयार होत होती ती पुण्यात, ठाण्याहून काही तासांच्या अंतरावर; तरीही कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिराबाहेर म्हातारी माणसे पहाटेपासून टोकनसाठी रांगेत उभी राहत आणि साठा संपल्याची पाटी पाहून परतत. एप्रिलमध्ये हाफकिनच्या नावाने चालणाऱ्या राज्य सरकारच्या औषध महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली, पण त्या कारखान्यातून दुसऱ्या लाटेच्या काळात लस बाहेर पडू शकली नाही. १२ मे रोजी राज्याने १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरणच थांबवले, कारण उपलब्ध साठा ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोससाठी राखायचा होता.

येथून पुढचा भाग तारखांच्या गणिताचा आहे, आणि या पट्ट्यातील विषमतेचे मर्म त्या गणितात आहे. मेच्या मध्यापासून कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतर १२ ते १६ आठवडे, म्हणजे किमान ८४ दिवस झाले. सरकारी केंद्रांवर १८ वर्षांवरील सर्वांना महाराष्ट्रात २२ जूनपासून लस मिळू लागली. त्या पहिल्याच दिवशी डोस घेतलेल्या तरुणाला दुसरा डोस १४ सप्टेंबरच्या आधी मिळणे शक्य नव्हते. राज्य सरकारने मात्र, दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून उपनगरी गाडीने प्रवास करता येईल असे जाहीर केले. म्हणजे वरील तरुणाचा पास २८ सप्टेंबरच्या आधी निघत नव्हता. याउलट, केंद्राच्या मेमधील नव्या धोरणानुसार खाजगी रुग्णालये थेट कंपन्यांकडून लस घेऊ शकत होती, आणि मेच्या आरंभी तेथे सातशे-नऊशे रुपये मोजून कोव्हिशील्ड घेतलेल्याचा दुसरा डोस जुलैअखेर होऊन तो १५ ऑगस्टला बिनदिक्कत गाडीत चढत होता. जूनमध्ये केंद्राने खाजगी दर ठरवून दिले, कोव्हिशील्ड ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपये. कोव्हॅक्सिनच्या दोन डोसांतील अंतर चार ते सहा आठवड्यांचे असल्याने, जास्त पैसे मोजणाऱ्याला प्रतीक्षाही कमी पडत होती. गोडाऊनमध्ये माल चढवणारा, दुकानात काउंटरवर उभा राहणारा, पंचविशी-तिशीतला माणूस डोंबिवलीहून सुमारे ४८ किलोमीटर मुंबईला एसटी, खाजगी बस किंवा भाड्याच्या मोटारीने जात राहिला, किंवा नोकरी सोडून घरी बसला. त्याने लस नाकारली नव्हती. त्याची पाळीच आलेली नव्हती.

अंमलबजावणीसाठी ११ ऑगस्टपासून मुंबई महानगर प्रदेशातील १०९ स्थानकांवर मदत कक्ष उघडले गेले. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तपासून महापालिकेचा कर्मचारी शिक्का मारी आणि तो शिक्का दाखवून खिडकीवर मासिक पास मिळे. सुट्या तिकिटाची सोय कितीतरी नंतर झाली. फलाटावर शरीर चाचपण्याऐवजी कागद चाचपला जाऊ लागला होता. या नियमाने लशीची मागणी वाढवली हे खरे आहे, आणि गर्दीच्या गाडीत निदान लसवंत माणसेच असावीत हा हेतूही समजण्यासारखा आहे. पण जो नियम पुरवठा पुरेसा झाल्यावर योग्य ठरला असता तो पुरवठा अपुरा असताना लागू केल्याने, लस हे संरक्षण न राहता आधीच्या सोयींची पावती बनली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात, १८ ते ४४ वयोगटाला विकत किंवा राज्यांच्या खर्चाने लस घ्यायला लावणारे केंद्राचे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले होते, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय, हा प्रश्नही विचारला होता. नोंदणीचे 'कोविन' हे संकेतस्थळ मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध झाले ते त्यानंतर, जूनमध्ये.

शहरी माणसाच्या फोनचा वेग खेड्यालाही जाणवला. मे महिन्यात नोंदणी केल्याशिवाय तरुणांना लस मिळत नसताना ठाणे-मुंबईच्या लोकांनी शहापूर, मुरबाड आणि पलीकडे पालघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या वेळा आरक्षित केल्या, मोटारी करून ते तेथे गेले, आणि ज्या केंद्राच्या अंगणात ते रांगेत उभे होते तेथल्या पाड्यावरची माणसे पाहत राहिली. पाडा म्हणजे आदिवासींची गावाबाहेरची छोटी वस्ती. कातकरी, ठाकूर आणि वारली पाड्यांवर लशीविषयी भीती होती, ताप येऊन माणूस मरतो अशी बोलवाही होती. पण जिथे नेटवर्क नाही तिथल्या वेळा जिथे नेटवर्क आहे तिथले लोक घेऊन जात असतील, तर त्या भीतीची पहिली परीक्षा होण्याआधीच लस संपलेली असे.

भिवंडीची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याकडे नीट पाहिले पाहिजे, कारण २०२१ च्या उत्तरार्धात ठाणे जिल्ह्यातील सहा महापालिकांत लसीकरणात मागे पडलेले शहर म्हणून तिचेच नाव सतत घेतले गेले. ठाण्याच्या हद्दीत मुंब्र्याची तीच गत होती. दोन्हीकडे मुस्लिम वस्ती मोठी असल्याने धर्म हे कारण पुढे करणे सोपे होते. वस्तुतः भिवंडीचा यंत्रमाग कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेला, कापडाच्या मापावर मजुरी मिळवणारा, बारा-बारा तासांच्या पाळीत उभा असलेला आहे. मे २०२० च्या आरंभी मुंबई परिसरातील पहिली श्रमिक गाडी भिवंडीहूनच गोरखपूरला निघाली होती, म्हणजे साथीच्या पहिल्या धक्क्यात ज्याला सर्वांनी वाऱ्यावर सोडले तोच हा माणूस. लशीनंतर दोन दिवस ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडणार, आणि ती कोणी भरून देणार नव्हते. शिवाय भिवंडीला मुंबईकडे थेट नेणारी उपनगरी गाडी नाही. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे. जो पास डोंबिवलीकराला लस घ्यायला प्रवृत्त करी तो भिवंडीच्या कामगाराच्या आयुष्यात नव्हताच. सरकारने आमिष आणि दंड दोन्ही रेल्वेला बांधले होते, आणि माणूस चालत कारखान्यात जात होता.

टक्केवारीही जपून वाचावी लागते. डोसाची नोंद तो जेथे दिला त्या शहराच्या नावावर होई, राहत्या घराच्या नावावर नव्हे, आणि लक्ष्य ठरवताना आधार घेतला जाई तो जुन्या लोकसंख्येवरून काढलेल्या अंदाजाचा. त्यामुळे मुंबईचे पहिल्या डोसाचे प्रमाण नोव्हेंबर २०२१ नंतर शंभर टक्क्यांच्या वर गेले, कारण कामाच्या ठिकाणी लस घेतलेले ठाणेकर, कल्याणकर आणि वसईकर त्यात मोजले गेले होते, आणि तितके ते आपापल्या शहरांच्या तक्त्यात कमी दिसत होते. कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीतील २७ गावांच्या बाबतीत तर कोण कोणाच्या यादीत हाच प्रश्न होता: २००२ मध्ये वगळलेली ही गावे २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली, मार्च २०२० मध्ये त्यांतील १८ वेगळी करण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

८ ते १४ ऑक्टोबरदरम्यान राज्याने 'मिशन कवच कुंडल' ही मोहीम चालवली आणि नोव्हेंबरमध्ये देशभर 'हर घर दस्तक', म्हणजे घरोघरी जाऊन लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पोलिओच्या खडूची पद्धत अशी दहा महिन्यांनी परत आली. तोवर 'कोविन' माणसाने आपल्याकडे यावे याची वाट पाहत होते. कोणते दार राहिले हे त्याला विचारता येत नव्हते. ठाणे महापालिकेने त्याच सुमारास लशीचा पहिला डोसही न घेतलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे जाहीर केले. आणि मग ४ डिसेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉन या नव्या उत्परिवर्तित विषाणूचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जाहीर झाला तो डोंबिवलीचा. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या त्या प्रवाशाने लशीचा एकही डोस घेतलेला नव्हता. लसीकरण सर्वांसाठी खुले होण्याआधीच तो कामानिमित्त देशाबाहेर गेला होता. जगाच्या पातळीवरची विषमता, म्हणजे श्रीमंत देशांत तिसरा डोस आणि आफ्रिकेतील बहुसंख्यांना पहिलाही नाही, आणि कामाच्या फिरतीमुळे यादीतून निसटणारा स्थानिक माणूस, या दोन्ही गोष्टी त्या एका नोंदीत एकत्र आल्या. तो बराही झाला आणि काही दिवसांत घरी गेला. जानेवारी २०२२ ची तिसरी लाट रुग्णसंख्येने मोठी आणि मृत्यूंच्या बाबतीत दुसरीहून पुष्कळ सौम्य ठरली, यात तोवर झालेल्या लसीकरणाचा वाटा होता, हे निःशंकपणे म्हणता येते.

प्रवासावरील सक्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने, विहित प्रक्रिया न पाळता मुख्य सचिवांनी काढलेल्या या आदेशांच्या वैधतेवर कठोर भाष्य केले आणि सरकारला फेरविचार करावा लागला. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातील उरलेसुरले निर्बंध उठले आणि खिडकीवरचा शिक्का इतिहासजमा झाला.

विषमता मात्र उठली नाही. तिने रोग बदलला. टाळेबंदीच्या आणि लाटांच्या दोन वर्षांत परिचारिका, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका कोविडच्या कामाला जुंपल्या गेल्याने बालकांचे नेहमीचे लसीकरण मागे पडले होते. गोवराचा विषाणू इतका वेगाने पसरतो की त्याला अडवायला सुमारे ९५ टक्के बालकांचे लसीकरण झालेले असावे लागते. नवव्या महिन्यानंतरचा पहिला आणि सोळाव्या महिन्यानंतरचा दुसरा, असे त्याचे दोन डोस असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईतील गोवंडी, मालेगाव, भिवंडी आणि ठाण्याच्या काही वस्त्यांत गोवराचा उद्रेक झाला आणि मुले दगावली. रुग्णांत लस न मिळालेली बालके फार मोठ्या संख्येने होती. केंद्राने उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या तान्ह्यांनाही एक जादा डोस देण्याची सूचना केली. १५ डिसेंबरपासून राज्यात गोवर-रुबेलाची विशेष मोहीम सुरू झाली, आणि आशा सेविका वह्या घेऊन पुन्हा त्याच गल्ल्यांत आणि पाड्यांवर गेल्या, जिथे दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला निघून गेलेली असतात आणि घरांना कड्या लावलेल्या असतात.